डावे जास्त

कंपनीने मला तीन महिन्यांच्या करारावर
कल्लिओयोकीला पाठवलं, नोव्हेंबरात,
जेव्हा फिनलंडच्या त्या टोकाला
दुपारी अडीचलाच दिवे लावावे लागतात.
काम एका ओळीचं: लोकांना पुन्हा थिएटरात आणा.
खुर्च्या दोनशे चौदा. आदल्या शनिवारी माणसं नऊ,
त्यातला एक डोअरकीपर आर्मास. तोच मोजणारा.

मी माझी हत्यारं काढली.
पहिलं प्रसिद्धीपत्रक: मोठ्या पडद्याची जादू.
दुसरं प्रसिद्धीपत्रक: तीच जादू, ठळक टायपात.
नगराध्यक्षबाईंना पॉपकॉर्नची पिशवी देऊन उभं केलं,
फोटोत डोळे मिटलेले आले,
नेमका तोच छापून आला.
स्थानिक रेडिओवर सात मिनिटं
मी 'सामूहिक अनुभव' म्हणत राहिलो.
दुसऱ्या दिवशी बेकरीतली मुलगी म्हणाली,
'ऐकलं तुम्हाला. आवाज छान आहे.'
एवढंच.
शनिवारी माणसं अकरा. दोन माझ्याच हॉटेलातली.

घरोघरी सोफे होते, उबदार.
त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे
चुलीपुढे झोपलेल्या मांजराला
व्यायामाचं महत्त्व सांगणं.

तेव्हा आर्मासने मला खोका दाखवला.
जिन्याच्या पोटात, केळ्यांचा खोका,
आत चाळीस वर्षांचे हातमोजे.
एकेकटे. डावे जास्त.
'डावे का?'
'दार ढकलताना उजव्याला लगेच थंडी झोंबते.
डावा खिशात असतो. घरी गेल्यावर आठवतो.'
प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली, पेन्सिलीने लिहिलेली:
तारीख, रांग, खुर्ची.
सिनेमाचं नाव कुठेच नाही.
'मला काय माहीत,' तो म्हणाला,
'मी पडद्याकडे पाठ करून उभा असतो.'

त्या रात्री मी 'जादू' खोडला.
पेपरच्या शेवटच्या पानावर,
'ट्रॅक्टर विकणे आहे' आणि निधनवार्ता यांच्या मधे
चार ओळींची जागा घेतली:
'सापडला आहे. लाल लोकरीचा, डाव्या हाताचा,
अंगठ्याला रफू. फेब्रुवारी एक्क्याण्णव, रांग सात, खुर्ची बारा.
गुरुवारी साडेसहाच्या खेळाला येऊन घेऊन जावे.'
दुसऱ्या दिवशी दुसरा. मग तिसरा, करडा, कुत्र्याने चावलेला.

गुरुवारी दाराबाहेर बर्फात रांग होती.
उगाच फुगवून सांगत नाही (ती सवय सुटतेय),
छत्तीस माणसं.
एका रफूवरून दोन बहिणी जुंपल्या:
हा टाका आईचा की मावशीचा.
कागद गिरणीतल्या क्रेनवाल्याने
स्वतःचा बालपणीचा मोजा अंगठ्यावर चढवला
आणि मध्यंतरापर्यंत तसाच मिरवला.

लाल मोज्यासाठी राउहा आली, उशिरा, काठी टेकत.
आर्मासने पुढे केला.
'हा माझा नाही,' ती म्हणाली. 'मी अकरावर बसायचे.'
मग अकरावर जाऊन बसली,
मोजा बारावर ठेवला, तळवा वर करून.
सिनेमा कुत्र्यांच्या शर्यतीचा, विनोदी, सुमार.
ती भलत्याच जागी हसत होती,
आणि तिच्यामागची रांगही, अर्ध्या क्षणाने उशिरा.

हेलसिंकीहून कंपनीने विचारलं:
हा प्रयोग वीस गावांत राबवता येईल का?
खर्च, पोहोच, आलेख पाठवा.
मी कळवलं,
आधी वीस ठिकाणी जिने तपासा.
त्यांना ती थट्टा वाटली.

पुढच्या आठवड्यात खेळ सुटल्यावर
आम्ही दोघं झाडू मारत होतो.
नवव्या रांगेत एक मोजा. चौदाव्यात दोन.
कोरे करकरीत. एकाला किमतीची चिठ्ठीही तशीच.
आर्मास बराच वेळ बघत राहिला,
कानामागची पेन्सिल काढली
आणि माझ्या हातात दिली.